माजिवड्याचा शनिवारचा वर्ग : एक्सएमएलपासून वेबपानापर्यंत

आमच्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा दहाव्या वर्षीच्या स्मरणिकेतले दोन लेख पुन्हा छापावेत अशी सूचना आली. सूचना करायला काय जातं! तेव्हाच्या सेक्रेटरींनी कपाटातून एक सीडी काढून दिली. सीडी वाचणारा संगणक शोधण्यात आठवडा गेला. फाईल उघडली तर पडद्यावर मराठीचं एक अक्षर नाही. रोमन अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टोप्या आणि टिंबं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच उलटं प्रश्नचिन्ह. मजकूर ज्या फाँटमध्ये लावला होता तो आता कुणाकडे नव्हता आणि जिथे काम झालं होतं तो छापखाना केव्हाच बंद पडला होता. शेवटी बी विंगमधल्या एका काकूंनी छापील प्रत समोर ठेवून दोन्ही लेख पुन्हा टाइप केले.

मराठी डीटीपीचं काम केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. युनिकोड रुळण्याआधीच्या त्या फाँटांत, संगणकाच्या लेखी मराठी अशी काही चीजच नव्हती. आत साठवलेले सांकेतिक आकडे रोमन लिपीचे. फाँट फक्त त्या जागी देवनागरीचा तुकडा रंगवायचा. कुठल्या जागी कुठला तुकडा, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते म्हणून आतही तीच आधी. ‘किती’ लिहिलं की संगणकाच्या पोटात पहिली वेलांटी, मग क. म्हणजे साठवलेलं असायचं ते शब्दाचं चित्र. चित्रात शोध घेता येत नाही, चित्राची अकारविल्हे लावता येत नाही, आणि रंगवणारा गेला की चित्रही जातं. असं नाही की दुसरा रस्ता कुणाला सुचला नव्हता. अक्षराला स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि दिसण्याचं काम फाँटवर सोपवायचं, हे तत्त्व मानणारं इस्की हे मानक १९९१ साली भारतीय मानक ब्युरोनं जाहीर केलं होतं. विंडोज २००० बरोबर मंगल फाँट आणि युनिकोडची देवनागरी संगणकांवर पोहोचली. तरी छपाईचा धंदा पुढची कित्येक वर्षं जुन्याच फाँटांवर चालला. त्याचं बिल अजून फिटलेलं नाही. महाराष्ट्रभर किती दिवाळी अंक, किती शताब्दी ग्रंथ अशा सीड्यांत अडकून पडले असतील, याचा विचार केला की मला कसंसंच होतं.

मजकूर एकीकडे आणि त्याचं दिसणं दुसरीकडे ठेवावं, हे सांगायला मला इतर कुठलं उदाहरण शोधावं लागत नाही ते यामुळे. इंग्रजीत शिकवणाऱ्याला हा मुद्दा पटवून द्यावा लागतो. मराठीत तो सोसून झालेला आहे. ही पुस्तिका त्याच मुद्द्याच्या पुढच्या पायरीची आहे. अक्षर आणि फाँट वेगळे झाले ते युनिकोडमुळे. आता परिच्छेद, शीर्षक, यादी, रक्कम, तारीख यांना त्यांच्या दिसण्यापासून वेगळं करायचं. ते करणारी मजकुराची भाषा म्हणजे एक्सएमएल आणि त्या मजकुरातून वेबपान उभं करणारी नियमांची भाषा म्हणजे एक्सएसएलटी. तिच्यात लिहिलेल्या फायलीला स्टाइलशीट म्हणतात, आणि या नावानंच पहिली दिशाभूल होते. वेबवर स्टाइलशीट म्हटलं की लोकांना सीएसएस आठवतं. सीएसएस आधीच तयार असलेल्या पानाला रंग, समास आणि टाइप देतं. एक्सएसएलटी पानच नव्यानं बांधतं : काय घ्यायचं, काय गाळायचं, कशाच्या आधी काय, कशाची बेरीज, कशाची अनुक्रमणिका. दोन्हींची गरज पडते, पण कामं वेगळी.

ही पुस्तिका ज्या वर्गातून झाली तो भरायचा आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, दर शनिवारी संध्याकाळी. भिंतीवर कमिटीच्या नावांचा फलक, त्याच्यावरच प्रोजेक्टर मारायचा, त्यामुळे पहिले काही दिवस खजिनदारांचं नाव प्रत्येक कोडच्या मधून डोकावायचं. शिकायला आलेले सहा जण. डोंबिवलीच्या एक मुद्रितशोधक बाई, कल्याणच्या ग्रंथालयात काम करणारा एक जण, बाळकुमची बी.एस्सी. आयटीची दोन मुलं, टाइप करून देणाऱ्या त्याच काकू आणि बँकेतून निवृत्त झालेले काका. ठाणे स्टेशनवरून माजिवड्याला येताना रस्त्यावरच्या कोंडीत अर्धा तास जाणं हा नेम, त्यामुळे वर्ग पाचचा म्हणजे साडेपाचचा. बाकी सगळे मला सर म्हणायचे. काका मात्र “अहो मास्तर, जरा मागे घ्या” म्हणून दर दहा मिनिटांनी मला थांबवायचे. या पुस्तिकेतले निम्मे खुलासे त्या ‘मागे घ्या’मुळे आले आहेत.

उदाहरण म्हणून आम्ही घेतली सोसायटीची सभासद यादी. कारण ती सगळ्यांना माहीत आहे आणि एकच माहिती किती ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहिली जाते याचा तिच्याइतका चांगला नमुना नाही. आय रजिस्टरमध्ये प्रत्येक सभासदाची सविस्तर नोंद, जे रजिस्टरमध्ये सभासदांची यादी, वॉचमनच्या केबिनमध्ये फ्लॅटवार नावं, नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी, आणि दर तिमाहीला मेंटेनन्सची बिलं. सदनिका विकली गेली की नाव पाच जागी बदलायचं. त्यातल्या तीन जागी बदललं जातं. वॉचमनच्या केबिनमध्ये अजून असे सभासद आहेत ज्यांना पुण्याला राहायला जाऊन आठ वर्षं झाली.

एक्सएमएलमध्ये ही नोंद अशी होते :

<सदनिका विंग="बी" क्रमांक="४०२">
  <सभासद>म्हात्रे</सभासद>
  <थकबाकी>१२५००</थकबाकी>
</सदनिका>

टोकदार कंसातल्या शब्दाला टॅग म्हणतात. उघडणारा टॅग, मधला मजकूर, तिरकी रेघ असलेला बंद करणारा टॅग. ठळक काय, लाल काय, कुठल्या रकान्यात काय, याचा इथे उल्लेखही नाही. फक्त हे सभासदाचं नाव आहे आणि ही थकबाकी आहे, एवढं सांगितलं आहे. टॅग मराठीत आहेत हे पाहून बाळकुमच्या मुलांना वाटलं मी गंमत करतोय. गंमत नाही. वेबपानाच्या एचटीएमएल भाषेतले टॅग ठरलेले असतात, ते बदलता येत नाहीत. एक्सएमएलमध्ये टॅगची नावं आपण ठरवतो आणि ती देवनागरीत असलेली एक्सएमएलला चालतात. कॉलेजात त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण सगळी पाठ्यपुस्तकं पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव असलेली तीच ती इंग्रजी यादी घेऊन बसतात.

मराठी टॅगांची मजा दुसऱ्या शनिवारी कळली. काकूंची फाईल उघडेना. उघडणारा टॅग ‘सदनिका’, बंद करणारा ‘सदनीका’. संगणकाला हे दोन वेगळे शब्द. एचटीएमएल वाचणारा ब्राउझर अशा चुका पोटात घालतो, तर्क लढवतो, काहीतरी दाखवतो. एक्सएमएल वाचणारा पार्सर तिथल्या तिथे थांबतो आणि ओळ क्रमांक सांगतो. मुद्रितशोधक बाई खूश झाल्या. आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घासाठी भांडूनही इतका कडक सहकारी त्यांना मिळाला नव्हता. पण पुढच्या वेळी त्यांचीच फाईल अडली आणि तिथे शुद्धलेखनाचा दोषही नव्हता. त्यांनी ‘ॲडव्हान्स’ असा टॅग केला होता. उघडताना ॲ हे एकच अक्षर टाइप झालं होतं आणि बंद करताना अ आणि त्यावर वेगळा चंद्र. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. युनिकोडमध्ये अखंड ॲ २००८ साली आला. त्याआधीचे आणि नंतरचे कीबोर्ड त्यामुळे वेगवेगळं लिहितात. असाच घोळ ‘ऱ’चा. तो अखंडही लिहिता येतो आणि र खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना न दिसणारी चूक शोधण्यात आमचा पाऊण तास गेला. म्हणून पुस्तिकेत एक नियम घातला आहे : टॅगच्या नावात ॲ, ऑ, ऱ टाळा, मजकुरात खुशाल वापरा.

मजकुरातही एका चिन्हापासून सांभाळायचं. ‘आणि’साठी दुकानांच्या पाट्यांवर असतं ते अँपरसँड. “शाह & सन्स” असं कुणी गाळाधारकाचं नाव लिहिलं की अख्खी फाईल बंद पडते, कारण एक्सएमएलमध्ये त्या चिन्हाचा अर्थ ‘पुढे एक संकेत येतोय’ असा आहे. ते कसं लिहायचं ते तिसऱ्या धड्यात आहे. इथे एवढंच, की घाबरू नका, सगळ्यांचं होतं.

आता मुख्य अडचण. एक्सएसएलटी शिकताना लोक जिथे अडतात ती जागा कंस आणि टॅगांची नसते. बी.एस्सी.च्या दोन्ही मुलांना सी आणि जावा येत होतं, आणि सगळ्यात जास्त तेच अडले. काकूंना कुठलीच संगणकाची भाषा येत नव्हती आणि त्या पुढे निघून गेल्या. याचं कारण मला खिडकीतून दिसलं.

आमच्या ऑफिसच्या खिडकीतून माजिवडा नाका दिसतो. मुंबईहून येणारा द्रुतगती महामार्ग इथे फुटतो : सरळ गेलं की नाशिक, डावीकडे घेतलं की घोडबंदर. वर उड्डाणपूल, बाजूला मेट्रोचे खांब. नाक्यावरचा हवालदार सकाळी येऊन “आधी तीन रिक्षा जातील, मग एक ट्रक, मग दोन बस” अशी यादी वाचत नाही. कुठलं वाहन कधी येईल ते त्याच्या हातात नाही. त्याच्याकडे नियम आहेत. घोडबंदरचं वाहन आलं तर डावीकडे. बस आली तर या थांब्यावर. जड वाहन आलं आणि बंदीची वेळ असली तर बाजूला उभं कर. वाहन येतं, त्याच्यावर लागू होणारा नियम लागतो, पुढचं वाहन येतं.

एक्सएसएलटी असंच चालतं. आपण लिहितो ते टेम्प्लेट म्हणजे नाक्यावरचा एकेक नियम : ‘सदनिका’ आढळली तर तक्त्याची एक ओळ कर, ‘सभासद’ आढळला तर नावाचा रकाना कर, आणि आतलं जे काही असेल त्याला त्याच्या त्याच्या नियमांकडे सोपव. हे सोपवणं ज्या आज्ञेनं होतं ती ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’, आणि तीच या भाषेचा कणा. कागदपत्र पुढे चालतं, नियम त्याच्या मागे जातात. ज्यांना आधीपासून ‘हे कर, मग ते कर, दहा वेळा फिर’ अशी हुकूम देण्याची सवय आहे, त्यांना ही सूत्रं दुसऱ्याच्या हातात देणं जड जातं. ते सगळं काम एकाच मोठ्या टेम्प्लेटमध्ये कोंबतात आणि ‘फॉर-ईच’ची एकात एक वेटोळी घालतात. चालतं ते. पण कागदपत्रात उद्या एक नवा टॅग आला की फिसकटतं. काकूंना हुकूम देण्याची सवय नव्हती. त्यांनी नियम लिहिले, आणि मोकळ्या झाल्या.

एक प्रयोग प्रत्येकानं पहिल्याच दिवशी करून पाहावा. एकही नियम नसलेली, रिकामी स्टाइलशीट लिहायची आणि ती यादीवर चालवायची. वाटतं, काहीच येणार नाही. प्रत्यक्षात सगळ्या सभासदांची नावं आणि थकबाक्या एकापुढे एक चिकटून पडद्यावर सांडतात. विंग आणि क्रमांक मात्र गायब. याचं कारण असं की आपण नियम दिला नाही तर भाषेचे स्वतःचे नियम लागतात : टॅग दिसला तर आत शिर, मजकूर दिसला तर उतरवून घे. ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे विंग-क्रमांकासारखी उघडणाऱ्या टॅगच्या आतच, ठेवलेल्या माहितीकडे मात्र कुणी पाठवल्याशिवाय ते जात नाहीत. हा सांडलेला मजकूर ज्यानं एकदा पाहिला, त्याला पुढे कधीतरी पानावर भलत्या जागी एखादं नाव उगवलं तर ते कुठून आलं हे विचारावं लागत नाही.

दोन नियम एकाच टॅगला लागू होत असतील तर? ‘सदनिका’साठी एक आणि ‘थकबाकी असलेली सदनिका’ यासाठी दुसरा? जास्त नेमका नियम जिंकतो. दोन्ही तितकेच नेमके असतील तर फायलीत जो नंतर लिहिला आहे तो सहसा धरला जातो. हे सांगितल्यावर काकांनी चष्मा काढला. “अहो मास्तर, हे तर पाणिनीचं.” शाळेत संस्कृत शिकलेल्यांना आठवत असेल, सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात, विशेष नियमाला अपवाद, आणि अपवादापुढे उत्सर्ग मागे सरतो. दोन तुल्यबळ सूत्रांची टक्कर झाली तर अष्टाध्यायीत नंतर येणारं सूत्र चालवायचं, हेही पाणिनीनं सांगून ठेवलं आहे. आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं अशा थाटाच्या गप्पांचा मला कंटाळा आहे. पण नियमांचा मोठा संच करायचा म्हटलं की टक्कर सोडवण्याची व्यवस्था लागतेच आणि ती अशीच सुचते, एवढं मात्र खरं. काकांनी नंतरच्या सगळ्या धड्यांत ‘टेम्प्लेट’ला ‘सूत्र’च म्हटलं.

वर दिलेल्या नोंदीत एक चूक मी मुद्दाम ठेवली आहे. बाळकुमच्या मुलानं एकूण थकबाकीची बेरीज मागितली तेव्हा उत्तर आलं ‘एनएएन’, म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’. एक्सएसएलटी ज्या एक्सपाथ या भाषेवर उभं आहे, तिला संख्या कळते ती रोमन आकड्यांत. देवनागरी १२५०० तिला नुसता मजकूर. म्हणून साठवताना रोमन आकडे, दाखवताना देवनागरी. दाखवण्याची जुनी सोपी युक्ती ‘ट्रान्सलेट’ हे फंक्शन : दहा रोमन आकडे आणि त्यांच्यासमोर दहा देवनागरी आकडे द्यायचे, एकास एक बदलून मिळतात. दुसरा रस्ता ‘डेसिमल-फॉरमॅट’चा, त्यात शून्य म्हणून ० हे अक्षर सांगितलं की पुढचे नऊ आकडे ते आपोआप धरतं. फक्त मग संख्या कशी मांडायची ते सांगणाऱ्या नमुन्यातही तेच शून्य वापरावं लागतं, हे विसरलं की पुन्हा अर्धा तास जातो.

खरी चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. एकूण थकबाकी निघाली तीन लाख सत्त्याऐंशी हजार चारशे पन्नास. आपण लिहितो ३,८७,४५०. पडद्यावर आलं ३८७,४५०. नमुन्यात स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं दिले होते, तरीही. एक्सएसएलटीच्या १९९९ सालच्या पहिल्या आवृत्तीनं संख्या मांडण्याचे नियम त्या काळच्या जावाकडून उसने घेतले होते, आणि त्यात शेवटच्या स्वल्पविरामापासूनचं अंतर तेवढं मोजलं जातं. तीन आकड्यांचा गट पाहिला की पुढे सगळीकडे तीनच. लाख-कोटी मोजणारे कोट्यवधी लोक जगात आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. २००७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत दिलेले स्वल्पविराम दिलेल्या जागी पडू लागले. पहिल्या आवृत्तीवरच काम करायचं असेल तर लाखाचा स्वल्पविराम हातानं घालणारं छोटं टेम्प्लेट पुस्तिकेच्या सहाव्या धड्यात आहे. ते सुंदर नाही. चालतं.

क्रमाचंही तसंच. नावांची अकारविल्हे लावली तर क्षीरसागर आले थेट कोळी आणि खरे यांच्या मध्ये. क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष असं तुकड्यांनी साठवलं जातं, त्यामुळे नुसत्या सांकेतिक क्रमांकांवर क्रम लावला की ते क च्या घरात जाऊन बसतं. ळ ची जागा युनिकोडच्या तक्त्यात ल आणि व यांच्यामध्ये आहे, म्हणून काळे आले कासारांच्या आधी. आपल्या मुळाक्षरांत ळ येतो ह नंतर, आणि क्ष-ज्ञ अगदी शेवटी. कल्याणच्या ग्रंथालयातला विद्यार्थी यावर हटून बसला, आणि त्याचं बरोबरच होतं; तालिकेत क्रम चुकला की पुस्तक असूनही नसल्यासारखं. भाषेनुसार वर्णक्रमाचे नियम देण्याची सोय आहे, पण ती स्टाइलशीट चालवणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरमध्ये सारखी नाही. गंमत अशी की हे नियमसुद्धा एक्सएमएलमध्येच लिहिलेले असतात. फोनवर मराठी निवडल्यावर महिन्यांची नावं, आकडे, तारखेची रीत मराठी होते, त्यामागे युनिकोडच्या सामायिक भांडारातल्या मराठीच्या एक्सएमएल फायली असतात. म्हणजे आपण सगळे रोज एक्सएमएल वापरतोच. वर्डची डॉक्स फाईल हा झिप केलेला एक्सएमएलचा गठ्ठा आहे. शेपूट बदलून झिप करा आणि उघडून पाहा. आधारची ऑफलाइन ओळख शेअर कोड घालून उतरवून घेतली की आत सही केलेलं एक्सएमएल असतं. आयकराची विवरणपत्रंही बरीच वर्षं एक्सएमएलमध्ये भरली गेली, नंतर जेसन आलं.

सभासदांची यादी हा सरावाचा विषय. पण या तंत्राची खरी ताकद दिसते ती कोशासारख्या पुस्तकात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती उघडा. साठ हजारांच्या घरात शब्द, आणि प्रत्येक नोंदीची बांधणी ठरलेली. देवनागरीत शब्द, मग लिंग दाखवणारं एक रोमन अक्षर, मग कंसात शब्द संस्कृतातून आला की फारसीतून हे सांगणारं आणखी एक अक्षर, मग अर्थ, मग वाक्प्रचार आणि म्हणी. मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंनी टॅग लावले नव्हते इतकंच. टाइप आणि कंस बदलून त्यांनी तेच काम केलं होतं. आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात हा कोश शब्द घालून शोधता येतो, तो शब्द आणि त्याचा अर्थ वेगळा ओळखता येतो म्हणून. नुसतं स्कॅन केलेलं पान हे पुन्हा आमच्या सीडीतल्या फायलीसारखं, म्हणजे चित्र. सातव्या धड्यात आम्ही अशाच बांधणीच्या पंधरा नोंदी स्वतः रचून टॅग केल्या आहेत आणि त्यांवर तीन स्टाइलशीट चालवल्या आहेत : एक नेहमीचं कोशाचं पान करते, एक फक्त फारसीतून आलेले शब्द काढते, एक म्हणींची वेगळी यादी करते. पंधरा नोंदींना हात न लावता. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे संस्थापक वि. ल. भावे यांनी जुन्या पोथ्या मिळवून कवींचे ग्रंथ छापले, त्यांना पाठभेद जुळवताना हे मिळालं असतं तर, असं राहून राहून वाटतं. ते ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. पाठभेदांवर एक धडा लिहायचा होता, जमला नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. १९६९ साली आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी कायद्याची कागदपत्रं सांभाळण्यासाठी खुणांची एक भाषा केली. तिच्यातून १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, आणि ते अवजड वाटलं म्हणून त्याचं आटोपशीर रूप एक्सएमएल, फेब्रुवारी १९९८. एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती १६ नोव्हेंबर १९९९ ची, संपादक जेम्स क्लार्क. दुसरी २००७ ची आणि तिसरी २०१७ ची, दोन्हींचे संपादक मायकेल के, ज्यांचा सॅक्सन हा प्रोसेसर आज सगळ्यात पुढे आहे. बाजारात इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र मानक पक्कं होण्याआधीच आला आणि त्यात कच्च्या मसुद्यातली भाषा होती. जुन्या नोट्समधून शिकायला जाल तर त्या मसुद्याचे अवशेष अजून भेटतील. ते सोडून द्या.

आता तो प्रश्न, जो बाळकुमच्या मुलांनी पहिल्याच दिवशी विचारला. ब्राउझर हे सगळं काढून टाकताहेत ना, मग शिकायचं कशाला? बातमी खरी आहे. गुगलनं २०२५ मध्ये जाहीर केलं की क्रोममधून एक्सएसएलटी काढलं जाईल, आणि त्यासाठी २०२६ अखेरचा मुहूर्त सांगितला. त्यांचं कारण असं की ज्या जुन्या लायब्ररीवर ते चालतं तिच्यात सुरक्षेच्या त्रुटी निघत राहतात आणि वापरणारे मोजके. मला याचं वाईट वाटलं हे लपवत नाही. फायलीच्या डोक्यावर एक ओळ लिहावी आणि ब्राउझरनं समोर पान उभं करावं, यात शिकणाऱ्याला जो आनंद होतो तो दुसऱ्या कशात नाही. पण ब्राउझर तसेही १९९९ च्या आवृत्तीपुढे कधी गेलेच नाहीत. लाखाचा स्वल्पविराम त्यांना शेवटपर्यंत आला नाही. आणि ज्यांचं पोट यावर आहे, म्हणजे प्रकाशक, कोशकार, ग्रंथालयं, ते हे रूपांतर आपल्याच संगणकावर करतात आणि तयार एचटीएमएल वेबवर चढवतात. वाचणाऱ्याच्या ब्राउझरला मूळ फाईल दिसतही नाही. या पुस्तिकेतले सगळे धडे म्हणून त्याच पद्धतीनं लिहिले आहेत. पहिल्या पाच धड्यांना लिनक्सवर सहज मिळणारा एक्सएसएलटीप्रोक पुरेल, पुढच्यांना सॅक्सनची फुकट मिळणारी आवृत्ती लागेल. दोन्ही कसे चालवायचे ते परिशिष्टात आहे. एक सूचना आताच : बाहेर पडणाऱ्या फायलीचं एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगायला विसरू नका. विसरलात तर काही ठिकाणी ‘म’ च्या जागी २३५० हा त्याचा क्रमांक छापून येतो. ब्राउझरमध्ये पान ठीक दिसतं, पण फाईल उघडणारा मुद्रितशोधक तुम्हाला माफ करणार नाही.

भाषेबद्दल थोडं. ‘टेम्प्लेट’, ‘टॅग’, ‘ॲट्रिब्यूट’ हे शब्द मी तसेच ठेवले. शासकीय परिभाषेतले प्रतिशब्द वर्गात वापरून पाहिले. दुसऱ्या वाक्याला मीच अडखळलो.

शेवटचा धडा आमच्या स्मरणिकेवरचा आहे. काकूंनी पुन्हा टाइप केलेले ते दोन लेख टॅग करून दिले आहेत, त्यातून सोसायटीच्या वेबसाइटचं पान होतं आणि दुसऱ्या स्टाइलशीटनं छपाईची प्रत. त्यांतल्या एका लेखात एक फोटो आहे, माजिवडा गावातल्या जुन्या विहिरीपाशी उभे असलेले पाच जण. चौघांची नावं कळली. पाचव्याचं नाव छापील प्रतीतही नव्हतं आणि आता सांगणारं कुणी सापडलं नाही. फाईलमध्ये पाच ‘व्यक्ती’ टॅग आहेत, पाचवा रिकामा, आणि रिकामा असेल तर काही छापू नये असा एक नियम स्टाइलशीटमध्ये आहे. काकू अजून गावात चौकशी करताहेत.